चारशे नव्व्याण्णव सह्या

मतदार यादीतला पत्ता बदलायला आलेली शिवणकामवाली निवडणूक कचेरीतल्या बाकावर डोळे मिटून बसली होती. पंखा संथ फिरत होता. शेजारच्या बाकावर घड्याळजी आणि त्याची बहीण बोलत होती, ते तिला झोपेतून ऐकल्यासारखं ऐकू येत होतं.

"दादा, नव्या नियमात अपक्षाला पन्नासच सह्या लागतात ना? मग हा जुना गठ्ठा कशाला आणलास?"

"मागच्या वेळच्या आहेत गं. चारशे नव्व्याण्णव."

"हो, पाचशेला एक सही कमी म्हणून अर्ज परत आला होता. पण आता त्यांचा काय उपयोग?"

"काही नाही. परवा स्वप्नात आली ही सगळी माणसं. नदीकाठी रांगेत उभी, हातात आपापलं घड्याळ. सगळ्यांची वेळ अगदी एक."

"किती वाजले होते?"

"बघायचंच राहिलं. मी माणसं मोजत होतो."

"भरली पाचशे?"

"नाही. शेवटच्या सहीसाठी गेलो होतो ना, ते हिरवं दार स्वप्नातही उघडलं नाही. आत शिवणयंत्र चालू असायचं. बेल वाजवली की थांबायचं. मी जिना उतरलो की पुन्हा सुरू."

"चार शब्द सुनावायचे होतेस!"

"छे गं. बाईच्या हातात काम असेल."

खिडकीतून कारकुनानं हाक मारली. "घड्याळवाले, या! पन्नास आहेत ना सह्या?"

"मोजून पन्नास."

"झालं तर मग. पुरे."

शिवणकामवाली उठून खिडकीशी आली.

"साहेब, एक जास्तीची चालेल का हो?"