खाजकुयलीची पिशवी

जबाब. दिनांक १२ मार्च १९८९. ठिकाण : एस.टी. स्टँडजवळची पोलीस चौकी, धुळे.

माझे नाव सुनंदाबाई जीवराम बोरसे, वय ४३ वर्षे, धंदा वाचनालय चालविणे व गावोगाव व्याख्याने देणे, राहणार दोंडाईचा. आज स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे की,

माझी धाकटी बहीण बेबाबाई हिचे सासर सोनगीर. गेल्या डिसेंबरात तिचा नवरा लोटन याचा पाय मोडला होता, म्हणून कापसाचे पैसे आणायला तिला एकटीला धुळ्याला पाठविले. पैसे तिने परकराच्या नाडीला आतून बांधलेल्या पिशवीत ठेवले. ही पिशवी तिने मुलीच्या जुन्या झबल्याची शिवली होती. पिवळे कापड, त्यावर लाल बदके. सोनगीरच्या गाडीत चढताना पिशवीचा बंद कापला गेला व पिशवी गेली. घरी गेल्यावर तिने खरे ते सांगितले. सासरा सुपडू म्हणाला, "चोर कसाना? माहेरले दी उनी." लोटनच्या पायाला प्लास्टर होते. हात मोकळे होते. त्या रात्रीचे मी सांगत नाही, ते मी पाहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी तिला माझ्या दारात आणून सोडले. तिची तीन वर्षांची मुलगी सासरीच ठेवून घेतली. मी सोनगीरला गेले तेव्हा सुपडू ओट्यावरून उठला नाही. म्हणाला, "चोर दखाडा, मंग लई जासूत."

म्हणून मी चोर शोधला.

माझ्या प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी मी बायांना विचारू लागले की, प्रवासात कोणाकोणाचे पैसे गेले आणि जाण्याआधी काय झाले. पारोळ्याला विचारले, अमळनेरला विचारले, शिंदखेड्याला विचारले. बाया आधी लाजत, मग एकीमागून एक बोलत. बहुतेकींच्या घरात त्यांनाच खोटे ठरविले होते. आणि बहुतेकींना गाडीत चढण्याआधी एका पोक्त बाईने मायेने सावध केले होते. मोठे कुंकू, काखेत पितळी डबा. बेबाबाईलाही तसेच घडले होते. बाईला कोणी "पैसे सांभाळ" म्हटले की तिचा हात आपोआप पैशांवर जातो. चोळीत असतील तर चोळीवर, कमरेला असतील तर कमरेवर. पैसे कोठे आहेत हे चोराला शोधावे लागत नाही, ते आपणच दाखवितो. हे समजल्यावर त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदाने आली नाही.

शिरपूरच्या बाजारात सातपुड्यातून येणाऱ्या एका बाईकडून मी खाजकुयलीच्या शेंगा घेतल्या. हाताला फडके बांधून त्यांच्यावरची खाजरी कूस खरवडली व कागदाच्या घडीत घालून कमरेला बांधायच्या पिशवीत भरली. घडी उघडली की कूस उडावी अशी बांधली. येथे हवालदारांनी विचारले, "बाई, हे मुद्दाम केलं असं लिहू का?" मी म्हटले, लिहा. मुद्दाम केले.

आज सकाळी मी व बेबाबाई स्टँडवर आलो. ती लांब बसली. आमचे खरे पैसे तिच्या डब्यात भाकरींच्या खाली होते. मी जरीची साडी नेसले होते. जळगावच्या गाडीजवळ गर्दीत उभी असताना काखेत डबा घेतलेली बाई माझ्याजवळ आली. म्हणाली, "कोठे चालनी वं अक्का? पैसा संभाळजो. आठे बठ्ठा चोर शेतस." मी घाबरल्यासारखे केले व डाव्या कमरेवर हात ठेवला. ती म्हणाली, "हां, आठेच धरी ठेव माय." चढताना मागून रेटारेटी झाली व डाव्या कमरेची पिशवी गेली. मी ओरडले नाही. दुसऱ्या दाराने उतरले व उसाच्या रसाच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिले.

थोड्या वेळाने ती बाई नळावर दोन्ही हात कोपरापर्यंत धुताना दिसली. शेजारी एक तरुण मान, छाती, मांड्या खाजवीत नाचत होता. मी जवळ जाऊन विचारले, "काय झालं मावशी?" ती म्हणाली, "मच्छर चावनात वं." मी म्हटले, "जळगावच्या गाडीतले असतील." तिने माझ्याकडे नीट पाहिले व डबा उचलला. मी डब्यावर हात ठेवला.

मग मी सिमेंटच्या बाकावर उभी राहिले व बोलले. मी म्हणाले, "बायांनो, जिने तुम्हाला सावध केलं ती ही. तुमचे पैसे गेले, वर घरात मारही तुम्हीच खाल्ला. आता हिला बघून घ्या, चेहरा विसरू नका." बायांनी त्या दोघांना घेरले. मी खाली उतरून त्या बाईच्या थोबाडीत मारली. बेबाबाई जवळ आली होती, तिला म्हटले, तूही मार. तिने मारले नाही. तिने त्या बाईचा पितळी डबा उघडला.

डब्यात माझी पिशवी, दोन ब्लेड व बेबाबाईची बदकांची पिशवी होती. त्या पिशवीत ती बाई तंबाखू ठेवीत होती. बेबाबाईने तंबाखू जमिनीवर ओतली, पिशवी उलटी करून झटकली व हातात धरून बसली. बाईने नाव सुमनबाई सांगितले, तरुणाने नथ्थू. दोघांनी डिसेंबरातली चोरी चौकीत कबूल केली. हवालदारांनी त्यांना अंगाला शेण चोळायला दिले. चौकीतल्या दोघा पोलिसांनी मला सुचविले की, म्हातारी बाई आहे, बाईनेच बाईला सोडून द्यावे. मी सोडणार नाही. तिची खाज थांबली याचेही मला वाईट वाटते.

निरोप गेल्यावर दुपारी सुपडू व लोटन सोनगीरहून आले. सुपडूने दोघा चोरांकडे पाहिले. मग बेबाबाईला म्हणाला, "व्हयनं ते व्हयनं. चोर सापडना ना? चाल बेटा, गाडीना टाइम व्हई ऱ्हायना."

मी तोंड उघडले होते. तीन महिने मी हे भाषण मनात रचत होते.

बेबाबाई माझ्या आधी म्हणाली, "माले नही येनं. मनी पोरले आठे लई या."

लोटन म्हणाला, "आते काय शे? चोर तर दखना."

ती त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "एक दखना. दुसरा बी लिखाडना शे माले."

सुपडू माझ्याकडे वळून हात जोडून म्हणाला, "ताई, तुम्ही समजदार. तिले समजाडा." मला ओट्यावरून न उठलेला सुपडू आठवला व मी त्याला बाहेरचा बाक दाखविला.

हा जबाब फक्त चोरीपुरता आहे. सुपडू व लोटन यांना बाहेर बाकावर बसवून ठेवले आहे. त्यांच्याविरुद्धचा जबाब बेबाबाई स्वतः देणार आहे. तिने मला शेजारी बसायला सांगितले आहे व मध्ये बोलू नये असेही सांगितले आहे. मी बोलणार नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. मी जे बोलले तेच त्यात आहे, एकही शब्द मवाळ केलेला नाही, म्हणून खाली सही करते.

सही : सुनंदाबाई जीवराम बोरसे