गुंडूअण्णांची बेचव कॉफी

लहानपणी ऐकलेला एक आवाज अजून कानात आहे, मंडळी! शेजारच्या सखूमावशी दूध तापवताना गुणगुणायच्या —

दूध उतू गेलं सई, नको चुलीला बोल लावू
पातेल्याच्या पोटी काय, आधी वाकूनिया पाहू

मग सांगा बरं — समोरचा आपल्यावर चिडला, तर त्याला उत्तर द्यावं, की प्रश्न विचारावा? लगेच माना हलवू नका! आधी ऐका.

सांगलीत एक कॉफीचं दुकान. चकचकीत! आत मशीन — फुस्स करून वाफ सोडणारं, जणू डोहातला कालियाच! तिथं कॉफी करून द्यायला हेमांगी नावाची मुलगी. घरी अंथरुणाला खिळलेली आई; दोघींची चूल या नोकरीवर. आणि गिऱ्हाइकं? एकाला साखर जास्त, दुसऱ्याला फेस कमी, तिसरी एक कप मागवते आणि दुपारभर खुर्ची अडवते! — हसताय काय? तुम्हीच असता तिथं!

पण हेमांगीचा खरा छळ मांडला होता गुंडूअण्णांनी. गुंडूअण्णा म्हणजे लग्नाघरचे नावाजलेले आचारी! त्यांच्या मसालेभातासाठी लोक मुहूर्त पुढं ढकलतात! ते रोज सकाळी यायचे, बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी मागायचे. कप नाकाशी धरायचे. घोट घ्यायचे. डोळे मिटायचे... आणि —

"पोरी, चवच न्हाई गं! कडक कर."

तिनं कडक केली. "न्हाई." अजून कडक केली — चमचा उभा राहील अशी! "पांचट!"

मालक सुहासशेठ म्हणाले, "एवढा मोठा आचारी खोटं बोलतोय होय? पुन्हा तक्रार आली, तर उद्यापासून येऊ नकोस."

आता हेमांगीला काय वाटलं असेल? वाटलं, ओतावी ती कॉफी म्हाताऱ्याच्या टोपीवर!

दुसऱ्या दिवशी ही गर्दी, ही घाई! झाकणाचे दोन कप — एक अण्णांची कॉफी, दुसरा शेजारच्या टेबलावरच्या निंबाळकरबाईंचा गुळाचा चहा. झाली की अदलाबदल! बाईंनी घोट घेतला मात्र — "अगं आई गं! हे काय, कारल्याचा काढा दिलास का मला?"

आणि अण्णा? मंडळी, अण्णांनी तो गोड मिट्ट चहा अर्धा संपवला होता! तोंड पुसून म्हणाले, "आज पण तेच. कॉफीला चव न्हाई."

कॉफीला!

हेमांगी थबकली. राग कुठल्या कुठं गेला. मनात उरला नुसता प्रश्न. तिनं अण्णांच्या कपाचं झाकण काढून पाहिलं. टेबलाशी वाकली. हळूच विचारलं, "अण्णा... कधीपासून?"

अण्णांनी मान खाली घातली.

तेवढ्यात सुहासशेठ गरजले, "चुकीचे कप देतेस? वर पुन्हा तक्रार! बास. ॲप्रन काढ!"

थांबा. इथं मी थांबतो. तिच्या ओठांवर एकच वाक्य होतं — "अहो शेठ, यांना चव कळतच नाही!" म्हटलं, की नोकरी वाचली. पण ऐन लग्नसराई, भरलेलं दुकान. म्हटलं, की आचाऱ्याचं नाव बुडालं! तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा! आपण तर शेजाऱ्याचं व्यंग फुकटातसुद्धा सांगतो, बाबांनो!

हेमांगीनं ॲप्रनची गाठ सोडायला हात मागं नेले.

तेव्हा खुर्ची सरकली. अण्णा उठले.

"शेठ, थांबा. पोरीचं काय चुकलं न्हाई. कॉफी झ्याकच असंल. माझी जीभ मेलीय. तापातनं उठलो, तवापासनं कडू न्हाई, गोड न्हाई, वास न्हाई. जीभ जागी झाली का, ते बघाय येतो रोज. लग्नात कढई उतरायच्या आधी सुनंच्या हातावर चमचाभर ठेवतो आन् म्हणतो, 'चाख अन् सांग, काय कमी हाय?' तिला वाटतंय — सासरा शिकवतोय."

शेठ हेमांगीकडं वळले, म्हणाले, "राहू दे गं तो ॲप्रन."