आखूड हाताचं अंतर

मुरबाड स्टँडवर मी बाळाला पाजत बसले होते. शेजारी व्हीलचेअरवरची मुलगी, तिची आई आणि गावची एक काकी बोलत होत्या.

“कुणाली, खुर्चीत बसून तलवारबाजी? पडशील गो!”

“नाय काकी, दोघींच्या खुर्च्या लोखंडी चौकटीत घट्ट अडकवतात.”

“मग समोरचीनं वार केला तर मागं कशी सरशील?”

“सरताच येत नाय. अंग वाकवून चुकवायचं, नायतर आपण आधी टोचायचं.”

“घरी कोणाशी खेळतेस?”

“आयशी. खळ्यातल्या खुंट्याला आमी माझी खुर्ची बांधतो. आय समोर भाताच्या पोत्यावर बसते. दोघींच्या हातात निरगुडीच्या काठ्या.”

“रंजने, पोरीला मारतेस?”

“मी कुठली मारते! तीच मारते. हे बघ दंड.”

“अगोबाय, काळेनिळे! बरं, आजच्या सामन्यात समोर कोण?”

“गेल्या वर्षीची पयली. लांब हाताची हाय. तिला हरवलं तरच राज्याच्या संघात घेतील.”

“मग गो?”

“जिचा हात आखूड, तिनं अंतर ठरवायचं, असा नियम हाय. म्हंजे मीच ठरवणार.”

“लांब बस गो बाय, लांब!”

“नाय काकी, जवळच बसणार. आयचा हात माझ्याहून आखूड. जवळ बसल्याबिगर तिची काठी मला पोचतच नाय, म्हणून रोज जवळनंच खेळतो.”

“अन् हिची काठी मला एकदाबी चुकवता येत नाय,” आई म्हणाली. “चल, कल्याण गाडी लागली.”