पदराखालची बॅग

शिरूर पोलीस ठाणे, दिनांक १२ डिसेंबर २००३

मी सारजाबाई पोपटराव सांडभोर, वय ५२, धंदा शेती व घरकाम, राहणार कवठे येमाई, तालुका शिरूर. पोलिसांनी विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

माझी सून अनुपमा रांजणगावला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. काल सकाळी मी तिला एसटीत बसवून द्यायला फाट्यावर गेले होते. मोटारसायकलवरून दोन इसम आले. मागच्याने सुनेच्या बॅगेला हात घातला. पट्टा तुटला नाही व निघालाही नाही. सून बॅगेसकट डांबरावर फरफटत गेली. मी दगड उचलून धावले तेव्हा इसमाने बॅग सोडली. सुनेचा उजवा हात खांद्यातून निखळला आहे. इसमांनी तोंडाला रुमाल बांधले होते.

बॅगेचे वर्णन विचारले ते सांगते. काळी, नायलॉनची, पुण्याहून आणलेली, डिझायनर म्हणतात ती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा छत्रीचे कापड वाटले व मी हसले होते. पण वापरायला गुणाची आहे. वजन काहीच नाही, डब्यातली भाजी सांडली तर फडक्याने पुसून निघते, आत चेनचे कप्पे आहेत. दिसायला साधी, पण सुनेला शोभते. मला ती आवडते.

माझे यजमान काल घरी म्हणाले, "असली फ्याशन मिरवती म्हणून चोराची नजर पडली. आता नोकरी बंद." हवालदार साहेबही मघाशी तेच म्हणाले. मला याचा राग आला आहे.

गावातून जाताना बॅग दिसू द्यायची नाही, वरून पदर घेऊन पिन लावायची, असा यजमानांचा हुकूम आहे. सून म्हणाली होती, "आत्या, पिन लावल्यावर बॅग पटकन निघत न्हाई." मी म्हणाले, "फाट्यापतूर घे बाई, एसटीत बसलीस की काढ पिन." काल फरफटत जाताना सून डाव्या हाताने पिनच काढत होती. मी डोळ्यांनी पाहिले.

हात बरा झाला की सून कामावर जाईल. बॅग पदरावरून घेईल.

यजमानांबद्दलचा मजकूर वगळू का, असे हवालदार साहेबांनी विचारले. वगळू नका, असे मी सांगितले. जबाब मोठ्याने वाचून दाखवला. तो बाहेर बाकावर बसलेल्या यजमानांनाही ऐकू गेला. लिहिले आहे ते मी सांगितल्याबरहुकूम खरे आहे.