डांबरानं लिहिलेली बारा नावं

मी पाचूबंदरची, जलमले तिथंच, वसईच्या किल्ल्याच्या पायाशी, नि काम म्हनाल तर होड्या रंगवायचं, ते बापसाकडून आलं. बाई होऊन होड्या रंगवते म्हनून लोक हसले, हसू देत, हसून थकले नि मग आपल्याच होड्यांसाठी मला बोलवायला आले. काय सांगू तुमाला, होडीवर नाव लिहायला माझ्यासारखा हात अख्ख्या बंदरात नाही, हे मीच सांगते, दुसरं कोन सांगनार? आमच्यात बिननावाची होडी पान्यात जात नाही. आधी नाव, मग नारळ, मग पानी.

तर मागच्या वर्षी किल्ल्याच्या रस्त्याला भिंती रंगवायचं निघालं, वसईच्या लढाईची चित्रं. घोडे, झेंडे, तलवारी सगळं मुंबईच्या चित्रकारांनी घेतलं आनि बंदराकडची शेवटची भिंत, खारी, ओल धरलेली, ती माझ्या गळ्यात. तिच्यावर सुरुंग काढायचा होता. ठाऊक आहे ना तुमाला? पेशव्यांच्या फौजेनं तटाखाली सुरुंग खनले, काही उडाले, मानसं वर चढायला धावली, नि मागं राहिलेला उशिरा उडाला, आपल्याच मानसांवर तट बसला. आत पोर्तुगीजांचे चाकर होते, ते बी मेले, ते तरी कोन, इथलेच. माझा बापूस म्हनायचा, बाय, सरदारांची नावं शाळेत पाठ करून घेतात, दगडाखालच्यांची कोनाला म्हाईत?

मग मी तेच काढलं. दगड, नि दगडाखाली बारा मानसं. आनि होडीवर लिहिते तसं प्रत्येकाखाली नाव. धाकू, सोमा, राघो, पास्कू अशी. मनानंच लिहिली, लपवत नाही. बारावं लिहिलं इनास. इनास माझा नवरा. वादळात गेला, होडी मिळाली, तो नाही मिळाला. त्याला ना माती, ना क्रूस. म्हटलं, इथं तरी असू दे. लिहिताना रडले मी, भर रस्त्यात, लाज कसली.

आता माझी चूक बी सांगते. भिंत ओली, म्हनून होडीला खालून मारतो तसं मी आधी डांबर मारलं नि त्यावर रंग. होडी पान्यात गार राहते, भिंत उन्हात तापते, हे ध्यानातच आलं नाही, जलमभर होड्याच केल्या ना. एप्रिलात डांबर रंगातून वर आलं, मानसांच्या अंगावर काळे ओघळ. झालं, कामावरचे साहेब आले. म्हनाले, मावशी, हे घान दिसतं, पुसा नि लाटा काढा, माड काढा. मी म्हटलं, चूक माझी, डांबर खरवडून परत रंगवून देते. तर म्हनाले, मग नावं तरी काढाच, पुरावा काय ह्या नावांचा, नि पास्कू, इनास, ही किरिस्तावांची नावं इथं कशाला? मी म्हटलं, साहेब, त्या मानसांना नावं नव्हती याचा पुरावा आना, आत्ता पुसते. दगडाखालचा मानूस कोनाकडचा, ते दगडाला विचारा. साहेब निघून गेले, नि दुसऱ्या दिवशी मानसं पाठवून खालचा सगळा पट्टा पांढरा करून टाकला.

म्हातारी आता घरी रडत बसेल असं वाटलं असनार त्यांना. मी डांबर तापवलं. सकाळी दहा वाजता, सगळ्यांसमोर, मासळीवाल्या टोपल्या खाली ठेवून बघतायत, त्या पांढऱ्यावर बाराच्या बारा नावं डांबरानंच लिहिली, चांगली जाड. साहेबांनी परत रंग मारला. मी वर उन्हाकडं बघितलं. मे लागला होता.

तुमी आत्ता तिकडूनच आलात, बघितलंत ना? तिसऱ्यांदा रंग मारलाय, तरी धाकू वर आलाय, सोमा आलाय. चूक होती ती आता मुद्दाम करते मी. मारू देत किती मारायचाय तो रंग, देव त्यांचं भलं करो, ऊन काही त्यांच्या हातात नाही. इनासचं नाव कोपऱ्याला आहे, सकाळभर झाडाच्या सावलीत, त्याला दुपारचंच काय ते ऊन मिळतं. मी जेवते, डोक्यावर पदर घेते नि जाते, तो वर येईपर्यंत उभी राहते.