‘तुम्ही’ म्हणणारा नवरा

नाव: वैजयंती मुरलीधर राजवाडे. वय: ६१ वर्षे. व्यवसाय: हॉस्पिटलच्या फार्मसीतून निवृत्त. राहणार: वेस्ट ब्रिजफर्ड, नॉटिंगहॅम.

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी पतीसह राहते. पती निवृत्त भूलतज्ज्ञ असून त्यांचे वय ६६ आहे. मला इंग्रजी येते. पण आजची तक्रार मराठीतल्या एका शब्दाची आहे, म्हणून मी दुभाषी मागितला. दुभाषी स्वराली भिडे यांच्यामार्फत पोलीस कॉन्स्टेबल (पीसी) हॅना प्रायर यांनी हा जबाब नोंदवला.

पती दर ऑक्टोबरला अमेरिकेतले नॅशनल पार्क बघायला जातात. न्यूयॉर्क वगैरे त्यांना नको असतं. एक रस्ता, एक पेट्रोल पंप आणि खाण्यापुरतं एक डायनर एवढ्यावर जी गावं संपतात, तिथे त्यांचा जीव रमतो. एरवी मीही बरोबर असते. या वेळी माझा गुडघा आडवा आला, म्हणून ते एकटेच युटाला गेले. एकट्याने जाऊ नका असं मी सांगितलं होतं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि बॅगेत बूट भरले.

रविवारी दुपारी, म्हणजे तिकडच्या सकाळी, त्यांचा मेसेज आला: “दरीत उतरतोय. खाली रेंज नसेल. वर आलो की फोन करतो. तू जेवून घे, बसून राहू नकोस.” फोन आला नाही. मी मेसेजवर विचारलं, “वर आलात का? गोळी घेतलीत?” सोमवारी सकाळी उत्तर आलं: “होय, मी सुरक्षित आहे. कृपया तुम्ही काळजी करू नका. हवामान आनंददायी आहे.”

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. मी त्यांना ‘अहो’ म्हणते, ते मला ‘तू’ म्हणतात. रागात, लाडात, ऑपरेशनला नेताना, सगळीकडे ‘तू’च. हा माणूस मला ‘कृपया तुम्ही’ म्हणाला, तर मी आधी त्याचा ताप बघेन. मी लगेच फोन लावला. कोणी उचलला नाही. मेसेज आला: “नेटवर्क खराब आहे.”

सोमवारी मी याच पोलीस स्टेशनला आले. काउंटरवरच्या साहेबांनी मेसेज भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून वाचले आणि म्हणाले, “तुमचे मिस्टर उत्तरं देतायत, तेही तुमच्याच भाषेत. मग ते मिसिंग कसे?” त्यांनी फोन लावला, तर तिकडच्या शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या, ऑफिसनेही हेच सांगितलं. फोन पार्कजवळच्या कॉटनवुड बेंड गावात चालू दिसतोय, म्हणजे माणूस तिथेच आहे. इंग्रजीत बायकोलाही ‘यू’ आणि बँक मॅनेजरलाही ‘यू’. त्यांना फरक दिसणार कुठून? माझं डोकं फिरलं होतं, पण आवाज चढवला नाही. आवाज चढवला की आपण वेड्या ठरतो.

घरी येऊन मी मेसेज केला, “परत आलात की कारल्याची भाजी करते.” उत्तर आलं: “ते स्वादिष्ट असेल. धन्यवाद.” पती कारल्याच्या वासानेही घराबाहेर जातात. हे वाचलं आणि माझी खात्री झाली. फोन दुसऱ्याच कोणाच्या हातात होता.

आज मंगळवारी दुपारी हे सर्व मी पीसी प्रायर यांना समजावलं. त्यांना पटलं. त्या फोनला आता स्वतःहून काही लिहू नका, असं त्या सांगत होत्या. तोवर मी इंग्रजीत लिहून पाठवलंही होतं: “तू माझा नवरा नाहीस. फोन तुलाच ठेव. कुठे मिळाला तेवढं सांग.”

मग इंग्रजीत उत्तर आलं. पार्कच्या उत्तर टोकाच्या पार्किंगमध्ये एका चंदेरी गाडीच्या टपावर फोन होता. त्याला लॉक नव्हतं. विकायचा होता. उत्तरं दिली नाहीत तर कोणीतरी लाइन बंद करेल, म्हणून भाषांतराच्या ॲपमधून देत राहिलो, असं त्याने लिहिलं होतं. शेवटी ‘सॉरी’ होतं. बुटांच्या नाड्या बांधताना फोन टपावर ठेवायची खोड पतींना आहेच. पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून लॉक कधीच नसतं. माझा विश्वास बसला.

पीसी प्रायर यांनी पार्कच्या रेंजरला फोन लावला. पतींनी भाड्याने घेतलेली ती गाडी अजून तिथेच होती. रेंजर माणसं घेऊन दरीच्या काठाने हाका मारत निघाला. फोन स्पीकरवर चालू होता. “मिस्टर मर्लिडार!” अशी हाक मला ऐकू येत होती. या हाकेला पती घरात सोफ्यावर बसूनही ओ देणार नाहीत. खालून काहीच येईना. दोन रात्री उघड्यावर काढलेला माणूस, बरोबर किती पाणी होतं तेही मला माहीत नाही. मला फार भीती वाटत होती.

रेंजरने विचारलं, “घरी त्यांना काय हाक मारतात?” त्यांचं नाव मी कधीच तोंडाने घेतलेलं नाही. मी म्हटलं, “अहो म्हणा. ‘हो’ लांबवा.” त्याने दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. मग ती सगळी अमेरिकन माणसं “अहोऽऽ” ओरडायला लागली. स्वरालीताईंनी माझा हात धरला होता.

थोड्या वेळाने रेंजर म्हणाला, “मॅडम, खालून कोणीतरी एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडतंय. ‘आलो, आलो.’ याचा अर्थ काय? त्यांना लागलंय का?”

मी सांगितलं, “ते उठायला बघतायत. त्यांना उठू देऊ नका. मोठ्याने सांगा, ‘बसा!’”

त्याने सांगितलं. मग खालून आवाज आला, तो या खोलीत सर्वांनी ऐकला: “अगं, तू कशी आलीस इथे?”

पती अजून वर आलेले नाहीत. दोर सोडले आहेत. वरील जबाब स्वरालीताईंनी मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सही पूर्ण नावाने करते, त्यांचं नाव मध्ये धरून.