अजून एक आहे

दवाखान्यात माझ्या शेजारी शाळेच्या बास्केटबॉलचे पंच गुडघा धरून बसले होते. सोबत त्यांची ताई.

“पडलास कसा?”

“नवा नियम गं. पूर्वी फाउलबद्दल मिळालेला पहिला फ्री थ्रो हुकला की दुसरा मिळायचाच नाही, लगेच खेळ सुरू. पोरं रडकुंडीला यायची. आता सरळ दोन.”

“मग?”

“एकीचा पहिला हुकला आणि मी सवयीनं धूम ठोकली. एकटाच! पोरी जागच्या जागी.”

“अरे देवा!”

“ती म्हणाली, ‘सर, अजून एक आहे.’ गर्रकन वळलो तो आडवाच.”

“आणि तिचा दुसरा?”

“लंगडत जाऊन चेंडू दिला. अलगद आत! मी टाळ्याच वाजवल्या.”

“पंचानं वाजवायच्या नसतात ना?”

“वीस वर्षं नाहीच वाजवल्या, ताई.”